नार्वे-दिवाडी फेरीवरची टॅक्सी : मागच्या एक्सलमधल्या खटक्याचे एक निदान

डिचोली तालुक्यातील नार्वे येथील एका टॅक्सीमालकांची गाडी आमच्या गॅरेजमध्ये आली, तेव्हा त्यांच्या हातात दुसऱ्या एका गॅरेजने दिलेले अंदाजपत्रक होते. क्राऊन-पिनियनचा (शाफ्टकडचे लहान दातेरी चाक पिनियन, टायरांना फिरवणारे मोठे ते क्राऊन) नवा सेट, हाऊसिंगमधली, म्हणजे मागच्या एक्सलच्या कवचातली, चारही बेअरिंगे, ऑइल सील, ऑइल आणि मजुरी अशी त्यातली कलमे होती, आणि एकूण आकडा असा होता की पर्यटनाच्या हंगामाच्या तोंडावर तो भरायचा तर त्यांना कर्ज काढावे लागले असते. "मेस्त्री, सेट बदलायचाच असेल तर बदलू, पण आधी तुम्ही एकदा बघा आणि मग सांगा," एवढेच त्यांचे म्हणणे होते. मागच्या एक्सलमधून येणाऱ्या खटक्याचे निदान करताना आवाज कुठून येतो याच्या आधी तो केव्हा येतो हे निश्चित केले पाहिजे, आणि एकूण प्ले, म्हणजे भागांमधली मोकळी हालचाल, पाहून हाऊसिंगला दोषी ठरवण्याआधी तो प्ले सांध्यासांध्यात वाटून मोजला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. या प्रकरणात त्या दोन्ही गोष्टींचा कस लागला, म्हणून त्याचा तपशील येथे देत आहे.

गाडी डिझेलवरची, सात आसनी, पावणेदोन लाख किलोमीटर चाललेली होती. पुढे लांबीच्या दिशेने बसवलेले इंजिन, पाच गिअरांचा हाताने बदलायचा गिअरबॉक्स, दोन टोकांना दोन क्रॉस, म्हणजे कोनातही फिरू देणारे सांधे, असलेला आणि गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलला फिरवणारा एकसंध प्रोपेलर शाफ्ट आणि स्प्रिंगच्या पाट्यांवर बसवलेले सरळ हाऊसिंग, अशी तिची रचना. नार्वेच्या सप्तकोटेश्वर देवस्थानाला येणारे भाविक आणि जुन्या गोव्यातल्या चर्चेस पाहायला जाणारे पर्यटक यांची ने-आण करताना ही गाडी नार्वेहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर आणि तिथून दुसऱ्या फेरीने जुन्या गोव्याला जात असे. ही माहिती मी पहिल्याच बोलण्यात विचारून घेतली होती, आणि पुढे तीच महत्त्वाची ठरली.

तक्रार अशी होती : पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताच गाडीच्या मागच्या भागातून एकच जड खटका येतो, रिव्हर्स टाकल्यावर तो आणखी मोठा होतो, तिसऱ्या गिअरमध्ये ताशी तीस-चाळीसच्या वेगाला ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की दोन्ही वेळा ऐकू येतो, आणि पाचव्या गिअरमध्ये सरळ रस्त्यावर जवळजवळ येतच नाही. मागच्या आसनावर बसलेल्या प्रवाशांना तो थेट आपल्या पायाखाली, म्हणजे हाऊसिंगमध्ये, वाजल्यासारखा वाटे. आधीच्या गॅरेजने याच गोष्टीवर भर दिला होता. मात्र पोलादी हाऊसिंग पोकळ असते, आणि घुमट या वाद्याच्या कातड्यावर थाप पडली तरी नाद जसा मडक्यातून उमटतो, तसा शाफ्टच्या टोकावर बसलेला दणका हाऊसिंगच्या पोटातून बाहेर पडतो. कानाने ठरवलेली जागा म्हणूनच फार तर संशयाला पुरते.

गिअरनुसार आवाज बदलण्यामागचे कारण सरळ आहे. पहिल्या गिअरमध्ये इंजिनचा पीळ (टॉर्क) सुमारे चौपट होऊन प्रोपेलर शाफ्टवर येतो, रिव्हर्समध्येही जवळपास तेवढाच, आणि पाचव्यात तो इंजिनच्या पिळाहूनही कमी असतो. साखळीत कुठेतरी रिकामी जागा असेल, तर शाफ्ट आधी ती जागा मोकळेपणी पार करतो आणि मग पलीकडच्या भागावर आदळतो. आदळण्याचा जोर पिळावर अवलंबून असल्यामुळे खालच्या गिअरमध्ये दणका मोठा होतो. चालवण्याची दिशा बदलली, म्हणजे इंजिन गाडीला ओढत असताना एकदम गाडीच इंजिनला ओढू लागली, की रिकामी जागा उलट्या बाजूने पार होते आणि पुन्हा आवाज येतो. थोडक्यात, आमच्यासमोर पिळाचा खटका होता. रस्त्याच्या धक्क्याशी त्याचा संबंध दिसत नव्हता, पण ते तपासून घेणे आवश्यक होते.

डिचोलीहून साखळीकडे जाताना गतिरोधकांवरून गाडी न्यूट्रलमध्ये नेली. आवाज आला नाही. खड्ड्यांच्या पट्ट्यातही तसेच. शॉकअप, त्यांचे बुश आणि पाट्यांची शॅकल यांच्यावरचा संशय येथेच पुष्कळ कमी झाला. नंतर गॅरेजच्या आवारात पायब्रेक दाबून गाडी जागच्या जागी धरली, पहिला गिअर टाकून क्लच थोडासा उचलला, मग रिव्हर्स टाकून तेच केले. चाके हलली नाहीत, तरी खटका आला. या चाचणीतून चाकांची बेअरिंगे बाद होतात, मात्र इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंगे, पाट्यांचे यू-बोल्ट आणि संपूर्ण पीळसाखळी शिल्लक राहते. बॉनेट उघडून एका साहाय्यकाला इंजिनवर लक्ष ठेवायला सांगितले. इंजिन अपेक्षेपेक्षा जास्त कलत नव्हते. यू-बोल्टच्या नटांवर टॉर्क रेंच लावली, चारही बोल्ट घट्ट होते, आणि हाऊसिंगवरच्या बैठकीच्या कडेला सरकल्याचे चकचकीत ओरखडे नव्हते. हे लवकर आटोपले.

यानंतरची चाचणी साधी आहे, आणि ती केली जात नाही याचे मला नेहमी वाईट वाटते. मागच्या एका टायरवर खडूने रेघ मारली आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये चालत्या माणसाच्या वेगाने पुढे नेली. साहाय्यक शेजारून चालत होता. खटक्याखेरीज एक बारीक, कोरडी "टिक" तेव्हा ऐकू आली, जी मालकांनी तक्रारीत सांगितलीच नव्हती, कारण काचा बंद असताना आणि एसी चालू असताना ती ऐकू येणे शक्य नव्हते. रेघ एकदा वर येऊन पुन्हा वर येईपर्यंत ती टिक चारहून अधिक वेळा होत होती. या हाऊसिंगचे गुणोत्तर सुमारे ४.१ आहे, म्हणजे टायरच्या एका फेऱ्यात शाफ्टचे चार फेरे होतात. तेव्हा टिक टायरच्या गतीने फिरणाऱ्या भागांची, म्हणजे ड्रम, एक्सल किंवा क्राऊन यांची असणे संभवत नव्हते. ती शाफ्टच्या गतीने फिरणाऱ्या भागाची होती. अशा भागांत दोन्ही क्रॉस येतात आणि पिनियनही येतो. प्रश्न या तिघांपर्यंत आकसला.

आता आधीच्या निदानाचा आधार पाहू. त्या गॅरेजने गाडी खड्ड्यावर घेऊन पिनियनचा फ्लँज, म्हणजे शाफ्ट जिथे जोडला जातो ती चकती, हाताने पुढे-मागे फिरवला होता, तो डोळ्यांना दिसेल इतका हलला, आणि त्यावरून क्राऊन-पिनियन झिजल्याचा निष्कर्ष काढला होता. आम्ही तेच करून पाहिले. चाके जमिनीवर, लाकडी गुटके लावलेली, हॅण्डब्रेक ओढलेला. फ्लँजच्या मध्यापासून ४५ मिलिमीटरवर डायल गेज टेकवले, तेव्हा एकूण हालचाल सुमारे ३ मिलिमीटर आली, म्हणजे अंशांत पाहिल्यास पावणेचारच्या आसपास. हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. मात्र त्यात क्राऊन-पिनियनचा वाटा किती, हे हिशोब केल्याशिवाय कळत नाही.

या आकाराच्या हाऊसिंगमध्ये क्राऊनच्या दातावर मोजलेला योग्य बॅकलॅश, म्हणजे दोन चाकांच्या दातांमधली मोकळीक, साधारण ०.१३ ते ०.२० मिलिमीटर असतो. क्राऊनची त्रिज्या ९५ मिलिमीटर धरली, तर ०.१७ मिलिमीटर म्हणजे क्राऊनच्या फिरण्याचा एक दशांश अंश. पिनियन चौपट फिरत असल्यामुळे फ्लँजपाशी तो साधारण ०.४ अंश होतो आणि ४५ मिलिमीटरवर जेमतेम ०.३ मिलिमीटर दिसतो. उरलेला सगळा प्ले हाऊसिंगच्या आत पुढे असतो : डिफरन्शियलचे छोटे गिअर, त्यांच्यामागचे वॉशर, एक्सलच्या दांतऱ्या (स्प्लाइन). तिथला जेमतेम पाऊण-एक अंश प्ले चाकाच्या बाजूला कोणाला जाणवतही नाही, पण फ्लँजपाशी तो चारपट होऊन उभा राहतो. पावणेदोन लाख किलोमीटर चाललेल्या एक्सलमध्ये एवढा प्ले असणे स्वाभाविक आहे, आणि त्याने असा दणका येत नाही, कारण तो ऑइलात भिजलेल्या अनेक जागांमध्ये थोडा थोडा विभागलेला असतो. फ्लँज हलला, एवढ्यावरून सेट बदलायला सांगणे म्हणजे गाडीच्या वयाला दोष मानणे आहे.

मग मागच्या क्रॉसकडे वळलो. आधीच्या गॅरेजने क्रॉसही तपासला होता, असे मालक म्हणाले; गाडी जॅकवर उचलून शाफ्ट हाताने हलवून पाहिला होता आणि तो घट्ट लागला होता. हे निरीक्षण खरेच होते. गाडी उचलली की हाऊसिंग लटकते, शाफ्टचा कोन वाढतो आणि क्रॉसच्या सुया, म्हणजे नीडल रोलर, आपल्या रोजच्या जागेवरून सरकून न झिजलेल्या भागावर येतात. शिवाय गंजून आवळलेला क्रॉस हाताला सैल लागण्याऐवजी घट्टच लागतो. म्हणून गाडी चाकांवर उभी ठेवून, योक, म्हणजे क्रॉसला धरणारे शाफ्टचे काट्यासारखे टोक, आणि फ्लँज यांच्या मध्ये टॉमीचे (जाड सळईचे) टोक घालून जोर दिला. एका दिशेत काही हलले नाही. शाफ्ट पाव फेरा फिरवून दुसऱ्या दिशेत जोर देताच योक क्रॉसच्या टोकावर स्पष्टपणे उचलला गेला, आणि सुया धरणाऱ्या कपाच्या तोंडाशी तांबूस भुकटी सांडली. अशी भुकटी दिसली की आत ग्रीस राहिलेले नाही, असे समजायला हरकत नाही.

फ्लँज आणि योक यांच्यावर पांढऱ्या रंगाने जुळणीची खूण केली, तशीच खूण शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणाऱ्या सरकत्या दांतऱ्यांच्या दोन्ही भागांवर केली, आणि शाफ्ट उतरवला. हातात घेतल्यावर क्रॉस एका अक्षावर सुरळीत फिरत होता. दुसऱ्या अक्षावर तो मधोमध येऊन खाचेत बसल्यासारखा अडत होता. सर्क्लिप काढून कप बाहेर काढले. चारांपैकी दोन समोरासमोरच्या कपांत काळे, ओलसर ग्रीस होते आणि सुया अखंड होत्या. उरलेल्या दोन कपांत ग्रीसऐवजी गंजाचा चिखल होता, काही सुया मोडलेल्या होत्या, आणि क्रॉसच्या त्या टोकांवर सुयांच्या लांबीएवढे समांतर चरे पडले होते, नखाला सहज लागतील इतके खोल. मायक्रोमीटरवर ही टोके चांगल्या टोकांपेक्षा ०.३ मिलिमीटरने बारीक भरली. त्यात मोडलेल्या सुयांची रिकामी जागा मिळवली, तर एकाच कोरड्या सांध्यात, ऑइलाचा कसलाही आधार नसताना, शाफ्टला पोलादावर पोलाद आदळण्याइतकी मोकळीक मिळत होती. खटका आणि टिक दोन्हींचा उलगडा येथे झाला.

दोनच कप का गेले, हा प्रश्न मला मूळ दोषाइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर न शोधता बसवलेला नवा क्रॉसही त्याच वाटेने जातो. या क्रॉसला ग्रीस निपल होता आणि प्रत्येक सर्व्हिसिंगला ग्रीस मारल्याची नोंदही होती. निपलमधून गेलेले ग्रीस क्रॉसच्या आतल्या नळ्यांतून चारही टोकांना जायला हवे. पण एखाद्या नळीत जुने ग्रीस सुकून बसले असेल, तर नवे ग्रीस कमी विरोधाच्या वाटेने मोकळ्या कपांतूनच बाहेर येते. ग्रीस मारणारा ते बाहेर आलेले पाहतो आणि काम झाले असे समजतो. उतरवलेल्या या क्रॉसच्या निपलला गन लावून पाहिली, तेव्हा दोन टोकांतून ग्रीस आले आणि दोन टोके कोरडी राहिली. चारही सीलांच्या कडेने ताजे ग्रीस दिसेपर्यंत काम पुरे झाले असे समजू नये, ही गोष्ट डिचोली-साखळी पट्ट्यातल्या जुन्या कारागिरांना कोणी शिकवावी लागत नाही. २०१२ मध्ये खाणी बंद होईपर्यंत त्यांनी टिपरांचे क्रॉस सातत्याने हाताळले आहेत. लहान गाड्यांच्या सर्व्हिसिंगमध्ये मात्र ती मागे पडत चालली आहे.

कोरड्या राहिलेल्या कपांना गंजवण्याचे काम फेरीबोटीच्या धक्क्यावरच्या पाण्याने केले. मांडवीत भरती-ओहोटी दूर आतपर्यंत चढते आणि उन्हाळ्यात तिच्याबरोबर खारे पाणीही नार्वे-दिवाडीच्या पलीकडे जाते. पावसाळ्यात नदी गोडी होते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाण्याच्या पातळीत दोन मीटरांच्या आसपास फरक पडतो, आणि बोटीची फळी धक्क्याच्या उतारावर नेहमी कोरड्या जागी टेकतेच असे नाही. अशा वेळी गाडी वीतभर पाण्यातून चढते किंवा उतरते, आणि मागची चाके ते पाणी थेट हाऊसिंगवर व मागच्या क्रॉसवर उडवतात. त्याच क्षणी गाडी उतारावर पहिल्या गिअरमध्ये पूर्ण पीळ घेत असते. ग्रीस असलेला सांधा हे वर्षानुवर्षे सोसतो. ग्रीस नसलेल्या कपात सीलच्या कडेने शिरलेले खारे पाणी बाहेर पडायला वाट नसते. पुढचा क्रॉस गिअरबॉक्सच्या आडोशाला, उंचावर असतो. त्याच्या चारही टोकांतून ग्रीस व्यवस्थित बाहेर आले, दोन्ही अक्षांवर तो सारखा फिरला, म्हणून तो बदलला नाही. क्रॉस जोडीनेच बदलावेत असे सांगणारे कारागीर आहेत, पण निरोगी भाग काढून टाकण्याचे कारण मला सापडले नाही.

पाण्याचा संबंध आल्यामुळे हाऊसिंगचे ऑइल पाहणे भाग होते. दिवसभर चाललेले गरम हाऊसिंग अचानक थंड पाण्याच्या संपर्कात आले की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हाऊसिंगच्या हवेच्या वाटेतून, किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते. तसे झाले असते, तर ऑइल दुधाळ झाले असते. ते काळे होते, दुधाळ नव्हते, आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावर फक्त राखाडी मऊ लेप होता. धातूचे कण किंवा चकत्या नव्हत्या. ब्रीदर मात्र चिखलाने पूर्ण बुजला होता आणि आतल्या दाबामुळे पिनियनचे सील पाझरू लागले होते. मागचे झाकण उघडून क्राऊनवर चार ठिकाणी बॅकलॅश मोजला. सर्वांत कमी ०.१६, सर्वांत जास्त ०.१९ मिलिमीटर. दातांवरचा घासाचा पट्टा मध्यावर होता. सेट बदलण्याची गरज नाही, हे आता मोजमापानिशी सांगता येत होते, आणि मालकांना डायल गेजवरचे आकडे प्रत्यक्ष दाखवले.

नवा क्रॉस निपलचाच निवडला. बाजारात निपल नसलेले, कायमचे सीलबंद क्रॉसही मिळतात आणि कोरड्या रस्त्यावरच्या गाडीला ते चांगले चालतात, परंतु ज्या सांध्यावर नेमाने पाणी उडणार आहे, त्यातले पाणी नव्या ग्रीसने बाहेर ढकलण्याची सोय असावी असे मला वाटते. योकची भोके पॉलिश पेपरने साफ केली, सुया ग्रीसमध्ये बसवून कप व्हाइसमध्ये दाबले, सर्क्लिप खाचेत पूर्ण बसल्याची खात्री केली आणि योकवर हलके ठोके देऊन कपांवरचा ताण मोकळा केला. तसे न केल्यास नवा क्रॉसही अवघडून फिरतो. शाफ्ट खुणेला खूण जुळवून चढवला. ही जुळणी फार आवश्यक असते. कोनात फिरणारा क्रॉस पलीकडच्या बाजूला प्रत्येक फेऱ्यात दोनदा किंचित वेग वाढवतो आणि दोनदा घटवतो, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एकाच रेषेत असतील तरच मागचा क्रॉस पुढच्याची ही चढउतार रद्द करतो. सरकत्या दांतऱ्या एखाद्या दाताने चुकीच्या बसल्या तर खटका जातो आणि त्याच्या जागी थरथर येते.

केरीपासून चोर्ला घाटाच्या पहिल्या वळणांपर्यंत गाडी चढावावर नेऊन आणली. पहिला गिअर, रिव्हर्स, ॲक्सिलरेटर सोडून दाबणे, सगळे शांत झाले होते. मात्र एक नवीन गोष्ट ऐकू आली : ब्रेक मारून गाडी पूर्ण थांबल्यावर, क्षणभराने, एक दबलेला "ठुक". हा आवाज आधीपासूनच असणार. मोठ्या खटक्याखाली तो झाकला गेला होता. तो पीळ येताना होत नव्हता, थांबल्यावर होत होता, म्हणून त्याचे कारण वेगळे असले पाहिजे. ब्रेक लागताना पाट्यांवरचे हाऊसिंग थोडे वळते आणि शाफ्टच्या लांबीत मिलिमीटरभर फरक पडतो. हा फरक सरकत्या दांतऱ्यांनी सामावून घ्यायचा असतो. दांतऱ्या कोरड्या असतील, तर त्या अडून राहतात, आणि गाडी थांबून पाटे सैल झाले की एकदम सरकतात. शाफ्ट पुन्हा उतरवून दांतऱ्या बाहेर काढल्या. त्या कोरड्या होत्या, फिकट तांबूस झाल्या होत्या, पण बाजूने हलवल्यावर प्ले नव्हता. साफ करून मॉलिब्डेनम असलेले ग्रीस लावले, धुळीचे रबर नवे घातले, आणि तो आवाजही गेला.

गाडी देताना पिनियनचे सील बदलले, हाऊसिंगमध्ये ९० नंबरचे नवे ऑइल भरले आणि ब्रीदरला रबराची नळी जोडून तिचे तोंड चॅसिसच्या वरच्या बाजूला बांधले, जेणेकरून धक्क्यावरचे पाणी तिथवर पोहोचू नये. मालकांनी आता प्रत्येक मोठ्या भरतीच्या पंधरवड्यानंतर मागच्या क्रॉसला ग्रीस मारून घ्यायचे ठरवले आहे, आणि गन चालवताना चारही कपांकडे विजेरी धरून ते स्वतः पाहतात. पावसाळ्यानंतर गाडी पुन्हा तपासणीला आली, तेव्हा फ्लँजवरचा प्ले पूर्वीइतकाच, ३ मिलिमीटर होता, आणि गाडी कोणत्याही गिअरमध्ये आवाज करत नव्हती.